गोष्ठीतले हसू : स्त्रीकेंद्री चावट विनोदपट आणि त्यांचा प्रेक्षक

१ जून २०१८ रोजी शशांक घोष दिग्दर्शित ‘वीरे दी वेडिंग’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि लगेचच ट्विटरवर एक मजकूर वेगवेगळ्या खात्यांवरून जवळजवळ एकाच शब्दांत उमटू लागला. आजीबरोबर चित्रपट पाहिला. स्वरा भास्कर यांनी रंगविलेल्या पात्राचे हस्तमैथुनाचे दृश्य आले तेव्हा दोघांनाही ओशाळल्यासारखे झाले. आणि बाहेर पडताना आजी म्हणाली की, मी हिंदुस्थान आहे आणि मला या चित्रपटाची लाज वाटते, असा त्याचा आशय होता. यातील शेवटचे वाक्य त्याच वर्षीच्या एप्रिलमधील फलकांवरून उचललेले होते. कठुआ येथील बालिकेवरील अत्याचाराच्या निषेधार्थ अनेक कलावंतांनी ते फलक हाती धरले होते, आणि त्यांत या चित्रपटातील अभिनेत्रीही होत्या. इतक्या जणांच्या आज्या एकच चित्रपट पाहून एकच वाक्य बोलतील हे संभवत नाही. परंतु मजकूर बनावट ठरविल्याने प्रश्न संपत नाही. रचणाऱ्याला नेमकी आजीच का सुचली, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने विचारण्याजोगा आहे. आजोबा, वडील किंवा मामा यांच्यासमवेत चित्रपट पाहिल्याने ओशाळल्याचे कोणी लिहिले नाही. लज्जेची अधिकृत राखणदार म्हणून वृद्ध स्त्रीची निवड झाली. भारतीय स्त्रियांच्या मौखिक परंपरेकडे पाहिले असता ही निवड जेवढी स्वाभाविक वाटते, तेवढीच ती विपरीत आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय असलेल्या चित्रपटप्रकाराला मराठीत रूढ नाव नाही. ‘चावट’, ‘चहाटळ’, ‘वाह्यात’, ‘कमरेखालचा’ अशी विशेषणे आहेत. परंतु ती सारी बोलणाऱ्याची नापसंती किंवा लाडिक क्षमा सोबत घेऊन येतात. संस्कृत साहित्यशास्त्राची परिभाषा येथे अधिक नेमकी आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त अश्लील हा दोष मानून त्याचे तीन प्रकार सांगितले : व्रीडा उत्पन्न करणारे, जुगुप्सा उत्पन्न करणारे आणि अमंगलाचे सूचन करणारे. आधुनिक वादांत ‘अश्लील’ या एकाच पोत्यात हे तिन्ही कोंबले जातात आणि तेथेच गोंधळास आरंभ होतो. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा दोष नित्य नाही. शृंगाराची बोलणी चालू असलेल्या गोष्ठीत अश्लीलता दोष न राहता गुण होते, असे याच परंपरेने मान्य केले आहे. म्हणजे शब्द तोच, अर्थ तोच. बैठक बदलली की त्याचे मूल्य बदलते. स्त्रीकेंद्री चावट विनोदपटांविषयीचा वाद वरकरणी आशयाचा दिसतो, पण तो खरे म्हणजे गोष्ठीचा वाद आहे. कोण बोलते, कोणाविषयी बोलते आणि ऐकायला कोण बसले आहे, या तिहेरी मांडणीत तो शोधावा लागतो.

ही तिहेरी मांडणी फ्रॉइडने १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विनोदविषयक ग्रंथात केली. त्याच्या मते चावट बोलणे मुळात स्त्रीला उद्देशून असते. बोलणारा पुरुष, जिच्यावर ते रोखलेले आहे ती स्त्री आणि ऐकून हसणारा तिसरा, असा त्रिकोण त्यातून तयार होतो. ‘खालच्या’ वर्गात स्त्री खोलीत आली की चावटपणाला ऊत येतो. ‘वरच्या’ वर्गात ती बाहेर जाईपर्यंत पुरुष थांबतात. दोन्ही ठिकाणी ती लक्ष्य असते, कधी समक्ष तर कधी पाठीमागे. तिच्या तोंडून चावट विनोद निघाला तर काय होते, या प्रश्नाशी फ्रॉइड फारसा थांबत नाही.

मराठी वाचकाला या त्रिकोणाचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. ‘सोंगाड्या’ (१९७१) आणि ‘पांडू हवालदार’ (१९७५) यांपासून दादा कोंडके यांच्या विनोदाने द्व्यर्थाचा जो खेळ मांडला, त्यात बोलणारा पात्रदृष्ट्या भोळा असतो. एक अर्थ निरागस, दुसरा चावट. आणि दुसऱ्याची जबाबदारी ऐकणाऱ्याच्या मनावर. श्लेष ही येथे पळवाट आहे, आणि ती बोलणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्यालाही उपयोगी पडते. शेजारी बायको किंवा सून बसलेली असताना प्रेक्षक पहिल्या अर्थाला हसल्याचे सोंग आणू शकतो. तमाशातल्या गवळणीची गोष्ट याहून बोलकी आहे. कृष्ण आणि पेंद्याशी वाह्यात सवालजबाब करणारी मावशी ही प्रौढ, तोंडाळ बाई. पण ती भूमिका परंपरेने पुरुषच करीत आला. लावणीत ‘मी’ स्त्रीचा असतो, तर राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर हे तिचे कर्ते पुरुष आहेत. स्त्रीच्या तोंडी घातलेला हा चावटपणा बहुतांशी पुरुषाने रचलेला व पुरुषश्रोत्यांसाठी सादर झालेला होता, आणि तो गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रिया कोल्हाटी व इतर वंचित जातींतून आल्या. परिणामी, सर्वांसमक्ष चावट बोलणारी स्त्री म्हटली की आपल्या प्रेक्षकाच्या मनात एकच तयार जागा असते : फडावरची बाई. घरंदाज स्त्रीने तसे बोलावे यासाठी सार्वजनिक जागाच रिकामी ठेवलेली नव्हती. स्वरा भास्कर यांच्यावर २०१८ मध्ये जी शिवीगाळ झाली तिचा शब्दसंग्रह याच जागेतून आला, हे नजरेआड करता येत नाही.

या पार्श्वभूमीवर प्रथम अमेरिकी चित्रपटाचा विचार करणे सोयीचे आहे, कारण हा प्रकार व्यापारी दृष्ट्या तेथे ठळक झाला आणि हिंदीतील निर्मात्यांसमोर तोच नमुना होता. जानेवारी २००७ मध्ये क्रिस्टोफर हिचेन्स यांनी ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये स्त्रिया विनोदी का नसतात, या विषयावर लेख लिहिला. स्त्रीला रिझविण्यासाठी पुरुषाला विनोद लागतो, स्त्रीला तशी गरज नाही, आणि प्रसूतीचे गांभीर्य तिला हसण्यापासून दूर ठेवते, असा त्यांचा युक्तिवाद होता. (भरताने ‘नाट्यशास्त्रा’त नेमके उलट म्हटले आहे. हास्यरस स्त्रियांत व नीच प्रकृतीच्या पात्रांत विशेषेकरून दिसतो, असे त्याचे मत. दोघांच्या निष्कर्षांत आकाशपाताळाचे अंतर असले, तरी स्त्रीला स्वतंत्र वर्ग करून तिच्या हसण्याची मापे काढण्याची रीत एकच आहे.) या वादाची धग कायम असतानाच मे २०११ मध्ये क्रिस्टन विग व अ‍ॅनी म्युमोलो यांनी लिहिलेला, पॉल फीग दिग्दर्शित ‘ब्राइड्समेड्स’ प्रदर्शित झाला. सुमारे सव्वातीन कोटी डॉलरच्या खर्चावर त्याने जगभरात २८ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळविले. मूळ पटकथेचे आणि मेलिसा मॅकार्थी यांचे साहाय्यक अभिनेत्रीचे, अशी दोन ऑस्कर नामांकनेही त्याला मिळाली.

या चित्रपटातील जो प्रसंग सर्वतोमुखी झाला तो वधूवस्त्रांच्या उंची दुकानातला. अ‍ॅनी ही नायिका मिल्वॉकीत राहते. तिचे केकचे दुकान मंदीत बुडाले आहे आणि बालमैत्रिणीच्या लग्नात करवल्यांच्या पुढारपणाची जबाबदारी तिच्यावर आली आहे. श्रीमंत हेलनपुढे तिचा टिकाव लागत नाही. अ‍ॅनी सर्वांना एका स्वस्त ब्राझिली खाणावळीत जेवू घालते; तेथून मंडळी त्या शुभ्र, गालिचे अंथरलेल्या दुकानात जातात आणि अन्नाची विषबाधा झाल्याचे लक्षात येते. वांत्या, जुलाब, हात धुण्याच्या भांड्याचा आणीबाणीतला वापर, आणि शेवटी लग्नाचा पांढरा झगा घालून रस्ता ओलांडायला धावलेली वधू भर रस्त्यात खाली बसते. मम्मटाच्या वर्गीकरणात हे जुगुप्सा-अश्लील होय. व्रीडा येथे दुय्यम आहे.

पण प्रसंगाचा कणा वेगळ्याच कृतीत आहे. मांस न खाल्लेली हेलन ठणठणीत आहे आणि ती अ‍ॅनीला शांतपणे विचारते की, तुला काही होते आहे का. घामाने निथळणारी अ‍ॅनी नाही म्हणते. तेव्हा हेलन तिच्यापुढे साखरेत घोळवलेला बदाम धरते आणि अ‍ॅनी तो चावून गिळते. खाणावळ स्वस्त होती एवढे कबूल करणे तिला प्राणावर बेतते. साऱ्या घाणीच्या मध्यभागी ऐपतीची लाज उभी आहे. फ्रॉइडच्या त्रिकोणातले लक्ष्य येथे नाहीसे झालेले दिसते : या स्त्रिया कोणा पुरुषाविषयी किंवा परस्त्रीविषयी बोलत नाहीत, त्यांची शरीरेच त्यांच्या वतीने बोलतात, आणि हसे होते ते झग्याचे व त्या झग्यामागच्या उसन्या ऐटीचे. बाख्तीनने राब्लेच्या अभ्यासात ज्या ‘खालच्या’ शरीराला लोकोत्सवाचे केंद्र मानले, ते शरीर येथे आहे खरे. मात्र मेरी रूसो यांनी दाखविल्याप्रमाणे बाख्तीनच्या जगातील हसणाऱ्या गर्भार म्हाताऱ्या या मातीच्या मूर्ती होत्या, त्यांना स्वतःचे म्हणणे नव्हते. अ‍ॅनीला आहे, आणि ते लपविण्यासाठीच ती धडपडते आहे.

प्रेक्षकांनी हे कसे वाचले? प्रदर्शनाच्या आठवड्यात रिबेका ट्रेस्टर यांनी ‘सलॉन’मध्ये या चित्रपटाचे तिकीट काढणे ही सामाजिक जबाबदारी आहे, अशा आशयाचा लेख लिहिला. चित्रपट आपटला तर स्त्रियांच्या विनोदावर पुन्हा कोणी पैसे लावणार नाही, ही भीती त्यामागे होती आणि ती अनाठायी नव्हती. दुसऱ्या बाजूने, स्त्रियांनी पुरुषांच्या पातळीवर उतरण्यात कसली मुक्ती, असा आक्षेप निघाला. विष्ठेच्या प्रसंगाची कल्पना निर्माते जड अपॅटो यांच्या आग्रहाने आली, ही माहिती या आक्षेपाला पुरावा म्हणून वापरली गेली. समर्थन आणि आक्षेप एकमेकांविरुद्ध दिसतात; तथापि दोघांचेही वाचन एकाच गृहीतावर उभे आहे. अ‍ॅनी ही अ‍ॅनी नसून ‘स्त्रिया’ आहे, हे ते गृहीत. त्याच वर्षी जुलैत हिंदी-इंग्रजी ‘डेल्ही बेली’ आला. त्याचे दिग्दर्शक अभिनय देव, म्हणजे रमेश व सीमा देव यांचे चिरंजीव. त्यातही बाधलेले अन्न होते, अतिसार होता आणि त्याचा हिऱ्यांशी झालेला घोळ होता. त्याच्या भाषेवर टीका झाली, पण भारतीय पुरुष आता कोणत्या पातळीवर उतरला, असा प्रश्न त्यावरून चर्चेत आला नाही. पुरुषाचा अतिसार त्याचा एकट्याचा असतो. स्त्रीचा अतिसार मात्र स्त्रीजातीचा होतो. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या वाचनाच्या तीन भूमिका, म्हणजे प्रभावी अर्थ स्वीकारणारी, तडजोडीची आणि विरोधी, येथे अपुऱ्या पडतात. स्वीकार किंवा विरोध करण्यापूर्वीच पात्राचे प्रातिनिधिकत्व ठरून गेलेले असते. विनोदाला तर विशिष्ट माणूस लागतो. प्रतिनिधीला कोणी हसत नाही. फार तर त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध मत देतो.

माल्कम ली यांच्या ‘गर्ल्स ट्रिप’ने (२०१७) हे ओझे दुप्पट करून दाखविले. चार कृष्णवर्णीय मैत्रिणी न्यू ऑर्लिन्सच्या एसेन्स महोत्सवाला जातात आणि तेथे मर्यादा सोडून वागतात. कृष्णवर्णीय स्त्रीच्या कामुकतेची बदनामीकारक प्रतिमा गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेली असल्याने, सभ्यता हे त्या समाजाचे संरक्षक कवचच होते. ते चारचौघांत उतरविणे म्हणजे शत्रूच्या हाती कोलीत देणे, अशी चिंता वाटणे समजण्याजोगे आहे. तरीही त्या चित्रपटाने एकट्या अमेरिकेत दहा कोटी डॉलरांचा टप्पा ओलांडला, आणि त्याचे प्रेक्षक मैत्रिणींचे गट करून गेले, याला महत्त्व आहे. त्यांनी चित्रपटगृहातच गोष्ठी भरविली. त्याच उन्हाळ्यातील ‘रफ नाइट’ या बहुतांशी श्वेतवर्णीय मैत्रिणींच्या चित्रपटाला असा प्रतिसाद लाभला नाही.

गोष्ठी भरविण्याची ही कल्पना भारतीय स्त्रियांना कोणी शिकवावी लागेल अशी नाही, आणि आजीचा प्रश्न पुन्हा येतो तो याच ठिकाणी. उत्तर भारतातील लग्नांत वरपक्षाचे पुरुष जेवायला बसले की वधूपक्षाच्या स्त्रिया त्यांना गाऱ्या गातात. ‘गारी’ किंवा ‘गाली’ म्हणजे गाऊन दिलेली शिवी. व्याह्याच्या आईबहिणीचा उद्धार, त्याच्या पौरुषाची थट्टा, आणि नातेसंबंधांच्या उलटसुलट कल्पना त्यांत असतात. व्याह्याने हे मान खाली घालून, जेवत ऐकायचे असते. गारी न मिळणे हाच त्याचा अपमान. दुसरा प्रकार वरात निघून गेल्यानंतरचा. वराच्या घरी मागे उरलेल्या स्त्रिया रात्रभर जागून सोंगे आणतात. कोणी नवरा होते, कोणी वैद्य, कोणी हवालदार, आणि संभोगापासून प्रसूतीपर्यंत सगळ्याचे नाट्य उघड भाषेत होते. बिहारात याला डोमकच म्हणतात, हरियाणात खोड़िया. येथे पुरुषाला मज्जाव असतो. ग्लोरिया रहेजा आणि अ‍ॅन गोल्ड यांच्या १९९४च्या ग्रंथात राजस्थान व उत्तर प्रदेशातील स्त्रियांच्या अशा गीतांचा विचार आहे. मुलगी, सून, पत्नी या भूमिकांना प्रश्न विचारण्याची भाषा स्त्रियांना या गीतांत मिळते, असे त्यांचे प्रतिपादन. महाराष्ट्रात विहिणींना उद्देशून म्हटलेली चेष्टेची गाणी आणि मंगळागौरीच्या जागरणातील सोंगे, गोव्यात धालो, ही याच कुळातील पण सौम्य रूपे होत. या साऱ्यांत पुढाकार कोणाचा? तरुण सुनेचा क्वचित. लाज सोडण्याचा अधिकार वयाने येतो, म्हणून तो बहुधा आजीचा.

म्हणजे ट्विटरवरील आजी ही परंपरेची आजी नव्हे. ती सुधारणेच्या युगाची लेक आहे. सुमंत बॅनर्जी यांनी एकोणिसाव्या शतकातील बंगालविषयी आणि चारू गुप्ता यांनी वसाहतकालीन उत्तर प्रदेशाविषयी दाखविले आहे, की भद्र घडणीचा एक भाग म्हणून स्त्रियांची ही गाणी व सोंगे पद्धतशीरपणे निषिद्ध ठरविण्यात आली. वधूवरांच्या घरची प्रतिष्ठा आता गारी गाण्यात नव्हे, तर ती न गाण्यात मोजली जाऊ लागली. शतकभरात ही शिकवण इतकी मुरली की तिलाच परंपरा म्हणण्यात येऊ लागले.

तथापि येथून घाईने उडी मारून ‘वीरे दी वेडिंग’ला डोमकचचा वारस ठरविणे ही फसवणूक होईल. गारीत आणि डोमकचमध्ये प्रत्येकाची जागा ठरलेली असते. गारीत पुरुष समोर आहे, पण लक्ष्य म्हणून. त्याला उत्तर देण्याची मुभा नाही. डोमकचमध्ये तो नाहीच. शिवाय विधी संपला की बोलणाऱ्या स्त्रिया पुन्हा पदर सावरून घरात जातात आणि व्यवस्था शाबूत राहते. चित्रपटगृहाच्या अंधारात कोणाचीच जागा ठरलेली नसते. पुरुषप्रेक्षक तेथे श्रोता असू शकतो, लक्ष्य असू शकतो, किंवा चोरून पाहणाराही असू शकतो, आणि आपण यांपैकी कोण आहोत हे चित्रपट त्याला सांगत नाही. ‘वीरे’मधील वादग्रस्त दृश्य याचाच बळी ठरले. कथेत त्याचे काम साधे आहे. साक्षीला पतीने त्या अवस्थेत पाहिले, आणि तेच दाखवून तो घटस्फोटात पैसे उकळू पाहतो. ती हे गुपित बाळगून कुढते, आणि मैत्रिणींना सांगते तेव्हा त्या हसतात. त्या हसण्यातच तिची सुटका आहे, कारण खंडणी लाजेवर चालते. म्हणजे दृश्याचा विनोद एकान्तातल्या कृतीत नसून ते सांगण्यात, गोष्ठीत आहे. प्रेक्षकांतल्या एका मोठ्या भागाने गोष्ठी वगळली आणि कृती तेवढी पाहिली. त्यांना श्लेषाची पळवाटही नव्हती. दादा कोंडके यांच्या वाक्यात पहिला अर्थ ऐकल्याचे सोंग करता येते. येथे एकच अर्थ होता, आणि तो ऐकणे भाग होते.

चित्रपटावरील दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दिल्लीच्या अतिश्रीमंत घरांतील, मनात आले की थायलंडला जाणाऱ्या या नायिकांना लाज परवडत नाही असे नाही; उलट बेशरमपणा त्यांनाच परवडतो. ‘ब्राइड्समेड्स’मध्ये पैसा हा विनोदाचा विषय आहे, ‘वीरे’मध्ये तो सजावट आहे. याच बाबतीत अलंकृता श्रीवास्तव यांचा ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ उजवा ठरतो, जरी तो निखळ विनोदपट नाही. भोपाळमधील पंचावन्न वर्षांची, सर्वांची बुआजी असलेली उषा धार्मिक पुस्तकात लपवून शृंगारिक कादंबरी वाचते. तिचे हसू होते आणि तिची बेअब्रूही होते; दोन्ही एकाच घटनेतून. परिनिरीक्षण मंडळाने जानेवारी २०१७ मध्ये प्रमाणपत्र नाकारताना कथा स्त्रीकेंद्री असून स्त्रियांच्या कल्पना जीवनाच्या वर ठेवल्या आहेत, अशा अर्थाचे कारण दिले. अपील न्यायाधिकरणाने ते त्याच एप्रिलमध्ये फिरविले आणि जुलैत चित्रपट प्रदर्शित झाला. (ते न्यायाधिकरणही २०२१ मध्ये रद्द झाले, आता निर्मात्याला थेट उच्च न्यायालयात जावे लागते.) मंडळाच्या त्या वाक्याची थट्टा पुष्कळ झाली, पण वाचन म्हणून ते अगदीच चुकीचे नव्हते. कल्पना जीवनाच्या वर जाणे, हाच बुआजीचा प्रश्न होता.

‘वीरे’नंतर दोनच आठवड्यांनी, १५ जून २०१८ रोजी, ‘लस्ट स्टोरीज’ नेटफ्लिक्सवर आला. त्यातील करण जोहर दिग्दर्शित भागात नवविवाहितेच्या सुखसाधनाचा रिमोट दूरचित्रवाणीचा समजून घरातील वडीलधाऱ्या बाईच्या हाती लागतो आणि भरल्या दिवाणखान्यात, सर्वांच्या देखत, नायिकेची फजिती होते. दृश्य ‘वीरे’पेक्षा कमी उघड नाही, त्याचीही चर्चा झाली, पण आजीच्या नावाने लाटेसारखी मोहीम काही उठली नाही. चित्रपट मोबाइलवर, कानात श्रवणयंत्रे घालून, एकेकट्याने पाहिला गेला, हे त्याचे एक कारण असावे. उलट, २०२३च्या ऑक्टोबरमध्ये करण बुलानी दिग्दर्शित ‘थँक यू फॉर कमिंग’ चित्रपटगृहांत आला आणि प्रेक्षकांवाचून गेला. त्याच वर्षी केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’ या मराठी चित्रपटाला स्त्रिया नऊवारी नेसून, गॉगल लावून, जथ्याने आल्या. तो चावट चित्रपट नव्हे. त्यातील सहा बहिणी मंगळागौरीची स्पर्धा खेळतात, आणि रजोनिवृत्तीपासून सवतीमत्सरापर्यंत जे काही बोलतात ते सोवळ्यातच बोलतात. परंतु प्रेक्षागृहात, पडद्याच्या या बाजूला, त्या बायका एकमेकींच्या कानाला लागून जे बोलत होत्या आणि ज्याला हसत होत्या, ते कोणत्याही परिनिरीक्षण मंडळापुढे गेलेले नव्हते.